स्टेपनी नसलेली गाडी

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयाच्या आवारात झाडांच्या सावलीला रोज सात-आठ मोटारी उभ्या असतात. त्या प्राध्यापकांच्या आहेत हे आपण सारे जाणतो, आणि पहिल्या तासाला कोणते सर आले आहेत हे त्यांवरूनच ओळखतो. मागच्या महिन्यात मी त्यांतल्या एका सरांना धीर करून विचारले, "सर, तुमच्या गाडीला स्टेपनी आहे का?" सर हसले. म्हणाले, "असेलच की! स्टेपनीशिवाय गाडी असते का?" पण प्रश्न मनाला लागला असावा. तास संपल्यावर त्यांनी स्वतः डिकी उघडली, खालचा पुठ्ठा उचलला आणि काही वेळ तसेच उभे राहिले. चाकाच्या जागी एक छोटा हवेचा पंप, एक बाटली आणि प्लास्टिकच्या पिशवीतली एक पुस्तिका होती. पिशवी फोडलेली नव्हती. गाडी घेऊन दोन वर्षे झाली होती.

सरांना हसण्यासाठी मी हे लिहीत नाही. तीच चूक आमच्या घरात झाली आणि तिची किंमत माझ्या आजीने मोजली, म्हणून लिहीत आहे.

आजी आठवड्यातून दोनदा कराडला डायलिसिसला जाते. आजोळ कोयनानगरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडे आत. सकाळी सातची तिची पाळी असते. या उपचारात पाळीला फार महत्त्व, कारण यंत्रे मोजकी आणि माणसे पुष्कळ. एकाचे चार तास संपले की दुसऱ्याचे सुरू. एस.टी.ने वेळ जमेना म्हणून मामाने एक जुनी पण चांगली चाललेली मोटार घेतली. विकणाऱ्याने डिकी उघडून दाखवली तेव्हा ती किती ऐसपैस आहे याचेच सगळ्यांना कौतुक. मामी म्हणाली, "दोन पोती आरामात बसत्यात." डिकी इतकी मोठी का आहे, हे कोणी विचारले नाही.

डिसेंबरातली गोष्ट. सुटीत आजोळी गेले होते म्हणून मीही सोबत होते. पहाटे पाचला निघालो. पाटणच्या बऱ्याच अलीकडे गाडी एका बाजूला ओढू लागली. मामाने उतरून बॅटरी मारली, तर मागच्या चाकात खिळा. मामा हिकमती माणूस. त्याने पक्कड काढली आणि 'हा बघ, काढून टाकला' म्हणत खिळा उपटला. फुस्स आवाज झाला आणि बघता बघता चाक खाली बसले. मग डिकी उघडली. स्टेपनी नाही, जॅक नाही, पाना नाही. खालच्या खळग्यात पंप, बाटली आणि पुस्तिका.

पुस्तिका इंग्रजीत. मामाने ती माझ्या हातात दिली. "तू कालेजात जातीयास न्हवं? मग वाच की, काय लिवलंय त्यात."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्या क्षणी सारे घर जणू माझ्या तोंडाकडे बघत होते. मी वाचले. अक्षरे येत होती, शब्दही बहुतेक येत होते, पण करायचे काय ते कळत नव्हते. बाटली कुठे जोडायची, पंप आधी की बाटली आधी, भोक टायरच्या कोणत्या भागाला असले तर चालते, हे सगळे त्यात होते. पण अंधारात, थंडीत, मागच्या सीटवर आजी कण्हत असताना एखादी गोष्ट पहिल्यांदा वाचून करणे फार अवघड असते. अखेर बाटलीवरची तारीख वाचली. मुदत सात महिन्यांपूर्वी संपली होती. तरी जोडून पाहिली. आतले द्रव घट्ट होऊन बसले होते. बाटलीतून काही केल्या येईना.

फोनला रेंज नव्हती. तास-सव्वा तासाने दुधाचा टेम्पो आला. चालकाने गाडी थांबवली, सीटखालून एक डबा काढला. डब्यात लाकडी मुठीचा टोच्या, डोळा असलेली जाड सुई आणि रबराच्या चिकट वाती. त्याने भोकात टोच्या फिरवला, सुईत वात ओवून ती आत दाबली, सुई मागे ओढली, बाहेर राहिलेली शेपटी कापली. आमचाच पंप गाडीतल्या बारा व्होल्टच्या भोकात खुपसून हवा भरली. सगळे मिळून वीस मिनिटे. जाताना मामाला एवढेच म्हणाला, "खिळा काढायचा न्हवता, दादा. बूच त्येच असतंय."

आम्ही दीड तास उशिरा पोचलो. पुढच्या रुग्णाची वेळ टळू नये म्हणून आजीला चारऐवजी अडीचच तास मिळाले. त्यात तिथल्या कोणाचा दोष नाही. त्या रात्री आजीला आडवे होता येईना, दम लागे. भिंतीला टेकून ती रात्रभर बसून राहिली आणि मी तिच्याजवळ बसले. खिळा जेमतेम बोटाच्या पेराएवढा होता.

तेव्हापासून मी या विषयाचा माग काढला. पहिली गंमत कळली ती 'स्टेपनी' या शब्दाची. आपल्याकडे गाडी कुठल्याही कंपनीची असो, जादा चाकाला म्हणायचे स्टेपनीच. शब्द इतका मुरला आहे की तो परका आहे हे सांगूनही कोणाला पटत नाही. पण तो आला वेल्समधून. तिथल्या लानेली गावात स्टेपनी नावाची गल्ली आहे. डेव्हीज आडनावाच्या दोघा भावांनी १९०४ च्या सुमारास तिथे एक जादा चाक तयार केले. त्याला आरे नव्हते. हवा भरलेला टायर चढवलेली ती नुसती धाव होती, आणि बसलेल्या चाकावर ती शेजारून आवळून बसवायची. हवेचा टायर डनलॉपने १८८८ मध्ये बेलफास्टला करून दाखवला होता, आणि सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसेच. रस्त्यात टायर बसला की तिथेच काढायचा, आतली ट्यूब चिकटवायची, पुन्हा चढवायचा. म्हणजे स्टेपनी नसलेली गाडी ही काही नवी गोष्ट नाही. सव्वाशे वर्षांनी आपण फिरून तिथेच आलो आहोत. फरक एवढाच की तेव्हाच्या चालकाला चाक दुरुस्त करता येत असे.

आता गाडीतून स्टेपनी गेली ती कुणी चोरून नेली नाही. कायद्यानेच तशी मुभा दिली आहे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि ती त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाली. चालकासह नऊपर्यंत माणसे बसणाऱ्या आणि साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत तीन गोष्टी असतील, तर जादा चाक बंधनकारक नाही. टायर ट्यूबलेस हवेत, चाकातली हवा कमी झाल्यास चालकाला इशारा देणारी यंत्रणा हवी आणि टायर दुरुस्तीचे साहित्य हवे.

या नियमामागे विचार नाही असे मी म्हणणार नाही. ट्यूबलेस टायरात खिळा घुसला तरी हवा बहुधा हळूहळू जाते, जुन्या ट्यूबसारखी एकदम जात नाही. चाक, जॅक आणि पाना यांचे वजन कमी झाले तर इंधन थोडे वाचते. विजेच्या गाडीला बॅटरीसाठी आणि गॅसच्या गाडीला टाकीसाठी जागा मिळते. शिवाय खरे सांगायचे तर ज्यांच्या गाडीत स्टेपनी आहे त्यांतल्या किती जणांनी गेल्या सहा महिन्यांत तिची हवा पाहिली आहे? गरजेच्या वेळी काढावी तर स्टेपनीच बसलेली, हा अनुभव गावोगाव ऐकायला मिळतो. तेव्हा स्टेपनी गेली म्हणून रडणाऱ्यांपैकी मी नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. चाक बदलायला थोडे बळ आणि थोडी रीत पुरते. रस्त्याने जाणाऱ्या चौघांतल्या एकाला तरी ती येत असते. पण बाटली, पंप आणि वात यांना आधीचे ज्ञान लागते. म्हणजे गाडीतून एक वस्तू काढून घेतली आणि तिच्या जागी एक विद्या ठेवली. वस्तू गाडीबरोबर घरी येते. विद्या येत नाही, ती शिकवावी लागते. ती कोणी शिकवत नाही. गाडी देताना गाणी लावायचे बटण दाखवतात, खालचा पुठ्ठा उचलून दाखवत नाहीत. परवाना देताना रस्त्यावरच्या खुणा विचारतात, चाकाला हात लावायला सांगत नाहीत. आणि पुस्तिका बहुतेक वेळा अशा भाषेत, जी घाईच्या वेळी आपल्या डोक्यात शिरत नाही. गाडी जुन्या बाजारात दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाते तेव्हा तर पुस्तिकाही हरवलेली असते. शहरातला पहिला मालक दूरध्वनी करून मदत मागवू शकतो. तिसरा मालक माझ्या मामासारखा असतो.

यावर माझ्या मैत्रिणींनी दोन उत्तरे दिली. पहिले, "फोन आहे ना!" फोन आहे, पण आमच्या खोऱ्यात रेंज नाही. आणि रेंज असली तरी मदतीची गाडी यायला तास-दोन तास लागले, तर आजीची पाळी थांबत नाही. दुसरे, "जागोजागी पंक्चरवाले आहेत." आहेत खरे. झाडाला जुना टायर टांगलेला दिसला की जीव भांड्यात पडतो. पण पहाटे पाचला तो टायर नुसताच लोंबत असतो. आणि नव्या द्रुतगती रस्त्यांवर तर झाडाखाली दुकान मांडायला कोणाला परवानगीच नसते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा खुला झाला. मोटारींना तिथे ताशी १२० ची मर्यादा आहे. २९ डिसेंबर २०२४ च्या रात्री त्याच रस्त्यावर वाशिम जिल्ह्यात मालेगाव आणि वनोजाच्या दरम्यान एक लोखंडी फलक रस्त्यावर पडला आणि पन्नासहून अधिक वाहनांची चाके पंक्चर झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. मुलेबाळे घेऊन लोक बराच वेळ अंधारात ताटकळले. अशा रात्री ज्याच्याकडे स्टेपनी होती तोही दोन चाके बसल्यावर अडकलाच असेल. म्हणून म्हणते, प्रश्न नुसत्या चाकाचा नाही, तयारीचा आहे. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय जुनी आहे, पण रस्ता आपल्याला तेवढी सवड देत नाही.

मग तयारी म्हणजे काय? मी पाटणच्या एका पंक्चरवाल्याकडे तीन दिवस जाऊन बसले आणि जे शिकले ते इथे सांगते. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी क्षमा करावी.

पहिली तयारी घरच्या अंगणात. चालकाच्या दारापाशी चौकटीवर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर किती हवा भरायची ते लिहिलेले असते. लहान मोटारीला ती साधारण ३० ते ३५ च्या घरात. ती महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी पाहावी, तीही टायर थंड असताना. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद समजावा. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की वेळ झाली. टायरच्या बाजूवर चार आकडे एकत्र असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेणाऱ्याने तर हे आकडे आधी वाचावेत, रंग मागाहून पाहावा. आणि बाटलीवरची मुदत! औषधाची पाहतो तशी पाहावी. संपली असेल तर नवी आणावी.

दुसरी तयारी डिकीतली. बाटली आणि पंप आहेतच, त्यांत वाती-टोच्याचा डबा घालावा. तो थोडक्या पैशांत मिळतो आणि त्याला बाटलीसारखी मुदतीची चिंता फारशी नाही. बॅटरी, हातमोजे, पक्कड आणि धोक्याचा लाल त्रिकोण असावा. आडरानातून किंवा लांब जायचे असेल तर त्याच मापाचे जादा चाक मिळवून डिकीत टाकावे, थोडी जागा गेली तरी चालेल. मात्र एक विसरू नये. ज्या गाडीला स्टेपनी दिलेली नसते तिला बहुधा जॅक आणि पानाही दिलेला नसतो. चाक घेतले आणि जॅक नाही, तर ते चाक नुसते प्रवासाला येते.

तिसरी तयारी मनाची. गाडी ओढू लागली किंवा समोर इशाऱ्याचा दिवा लागला की करकचून ब्रेक मारू नये. वेग हळूहळू उतरवावा, डावीकडे जितके बाहेर घेता येईल तितके घ्यावे, चारी दिवे लुकलुकते ठेवावेत. माणसांना डाव्या दारांनी उतरवून कठड्यापलीकडे उभे करावे. मोठ्या रस्त्यावर बसलेल्या चाकापेक्षा मागून येणारी गाडी जास्त धोक्याची. त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा. मग चाक पाहावे. खिळा दिसला तर काढायची घाई करू नये. हवा हळू जात असेल तर खिळा आत तसाच ठेवून पंपाने हवा भरता येते आणि मधूनमधून भरत सावकाश जवळच्या दुकानापर्यंत जाता येते. बाटली वापरली तर थोडे अंतर जाऊन पुन्हा हवा पाहावी, पुस्तिकेत दिलेला वेग ओलांडू नये, आणि पंक्चरवाल्याला आत द्रव आहे हे आधी सांगावे. बाटली काय किंवा वात काय, दोन्ही जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या लहान भोकासाठीच आहेत. टायरची बाजू चिरली किंवा टायर फुटला, तर तिथे कुठलाही डबा चालत नाही. मग गाडी न हलवता मदत मागवणे हाच शहाणपणा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि जिवाचा प्रसंग असेल तर ११२ हे क्रमांक प्रत्येकाला पाठ हवेत.

एवढे सगळे बाईमाणसाने कशाला शिकायचे, असे मामीने मला विचारले. पंक्चरच्या दुकानात मी तीन दिवस बसते म्हणून गावात थोडी कुजबुजही झाली. पण त्या पहाटे गाडीत तिघे होतो. आजीला करता येत नव्हते, मामाला ठाऊक नव्हते आणि मला फक्त वाचता येत होते. शिकून वाया जाईल असे यात काय आहे?

आता आपल्या महाविद्यालयाविषयी. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना आहे. दरवर्षी श्रमदान होते, झाडे लावली जातात, व्याख्याने होतात. माझी सूचना अशी की येत्या वर्षी एक दुपार यासाठी द्यावी. सरांच्या मोटारी आवारात आहेतच, वेगळा खर्च नाही. ज्या पंक्चरवाल्याने मला शिकवले तशा एखाद्या कारागिराला रीतसर निमंत्रण द्यावे, इतर पाहुण्यांना देतो तसा नारळ आणि शाल द्यावी, आणि त्याच्याकडून सर्वांनी शिकावे. मुलींनी पुढच्या रांगेत असावे. आणि मराठी विभागाने त्या इंग्रजी पुस्तिकेतले चार पानांचे काम एका पानात, साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे, म्हणजे ते डिकीच्या झाकणाला आतून चिकटवता येईल. भाषेच्या विद्यार्थ्यांनी करण्याजोगे हे काम आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. खरे तर ते गाडी विकणाऱ्याचे काम आहे, आणि नियम करणाऱ्यांनी चौथी अट म्हणून ते घालायला हवे होते. साहित्य द्या म्हणताना ते ग्राहकाच्या भाषेत समजावून द्या, असेही म्हणायला हवे होते. पण ते म्हणेपर्यंत आपण हातावर हात ठेवून का बसावे?

मागल्या रविवारी मी आणि मामाने अंगणात तालीम केली. एक जुना, बाद झालेला टायर आणला, त्यात मुद्दाम खिळा ठोकला आणि मी वात बसवली. पहिल्यांदा सुई अडकली, दुसऱ्यांदा वात बाहेर आली, तिसऱ्यांदा बसली. मला अठरा मिनिटे लागली. आजी ओसरीवर बसून बघत होती. म्हणाली, "एवढंच व्हतं व्हय?"

एवढेच होते. परीक्षा संपल्या की गावी जाण्यापूर्वी आपापल्या घरच्या, शेजारच्या, मामाच्या गाडीची डिकी एकदा उघडून पाहावी, खालचा पुठ्ठा उचलावा आणि बाटलीवरची तारीख वाचावी, एवढीच सर्वांना विनंती. सरांनी आपली पिशवी फोडली आहे. पुस्तिका त्यांनी मला वाचायला दिली आहे, तिचे मराठी एक पान मी लिहायला घेतले आहे. कोणाला हात लावायचा असेल तर ग्रंथालयात भेटावे.